आईची कवळी

लोक परदेशी निघताना सोबत आईचा फोटो घेतात. कवळीवाला आईचा जबडा घेऊन आला. खरा नव्हे, पांढऱ्या प्लास्टरचा. वरचा एक, खालचा एक, दोन्ही वेगवेगळ्या हातरुमालांत गुंडाळून लोकरी मोज्यांच्या मध्ये ठेवलेले. विमानतळावर तपासणीवाल्याने ते बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. याला तेव्हा इकडच्या भाषेतले चाळीसेक शब्द येत होते. त्यातले जवळचे दोन शोधून तो म्हणाला, "माझी आई." तपासणीवाल्याने एकदा जबड्याकडे पाहिलं, एकदा याच्याकडे, आणि दोन्ही नग पुन्हा रुमालात गुंडाळून दिले.

ही हकिकत त्याने मला पहिल्याच रविवारी सांगितली. हसवायला सांगितली नव्हती, पण मी पोट धरधरून हसलो. तो माझ्या तोंडाकडे अगदी निरखून बघत राहिला. मला वाटलं, चिडला. माझं हसून झाल्यावर म्हणाला, "तुझी डावीकडची वरची दाढ गेलीय. बसवून घे. नाहीतर खालची वर येईल."

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या यंत्रावर मी नऊ वर्षं काढली आहेत, आणि दिवसभर वाफेत उभ्या राहणाऱ्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये. इथे राहण्याचा माझा परवाना पक्का झालेला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या नावावर होतं, लहान खोली रिकामी होती, आणि आपली भाषा बोलणारा माणूस पाहिजे, एवढीच माझी अट होती. ओळखीतून हा आला. वय एकेचाळीस, अंगाने किरकोळ, लग्न झालेलं नाही. का नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, "दोन ठिकाणी बघायला गेलो होतो. दोन्हीकडे मी मुलीच्या दातांबद्दल बोललो."

त्याचा धंदा दात बनवण्याचा. डॉक्टर वेगळे, ते माप घेतात. हा त्या मापावरून कवळी घडवणारा कारागीर. गावी त्याचं दुकान दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत होतं. मधला पडदा सारला की पेशंट समोर. तो म्हातारीला खुर्चीत बसवायचा, मेणात रोवलेले दात तोंडात घालायचा आणि "साठ ते सत्तर मोजा" म्हणायचा. त्या आकड्यांत सगळे 'स' येतात. दात जरा पुढे असले तर शिट्टी वाजते, मागे असले तर जीभ अडखळते. मग तो हसायला सांगायचा. हसू येईना तर स्वतःच काहीतरी वेडंवाकडं बोलायचा. दात कधी सरळ रेषेत लावायचा नाही. एखादा किंचित वळवायचा, एखादा आखूड ठेवायचा. म्हणायचा, सरळ दात फक्त कवळीला असतात, माणसाला नसतात.

इथे त्याला मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे तळघरातली लांबट खोली. सात टेबलं, प्रत्येकावर वाकवता येणारा दिवा आणि धूळ ओढून घेणारं नळकांडं. सकाळी खोकी येतात. खोक्यात प्लास्टरचे जबडे आणि एक चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर आणि दातांच्या रंगाचा आकडा. ना नाव, ना तोंड. पुरुष आहे की बाई, हसरा आहे की रडका, काही कळायचं नाही. त्याने पहिल्या महिन्यात केलेल्या चार कवळ्या परत आल्या. पुढचा दात वाकडा बसलाय, अशी तक्रार. मालकीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी रागावण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून एक सरळ रेषा ओढून दाखवली. तो समजला. वर्षभरात त्याचे दात त्या खोलीत सर्वांत सरळ झाले.

त्या खोलीत दुपारी सगळे आपापले डबे उघडून आपापल्या मोबाईलमध्ये बघत जेवत. कुणी वाईट नव्हतं. जाता-येता मान हलवत. पण वर्षभरात त्याला एकाने तरी घरी कोण कोण असतं असं विचारलं का, असं मी म्हटलं, तर तो विचार करून म्हणाला, "एकाने विचारलं होतं, तुला खिडकीजवळ थंडी वाजते का." आणि त्यावर तो आठवडाभर खूश होता, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

मी सकाळी पाचला निघायचो, तो आठला. मी परत यायचो तेव्हा तो यायचा असायचा, तो यायचा तेव्हा मी झोपायला टेकलेलो असायचो. आम्ही भेटायचो तो रविवार. एका रविवारी त्याने सांगितलं की बसच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ कुणाशी तरी बोलताना खळखळून हसले, आणि हा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. खालच्या कवळीच्या उजव्या टोकाला पॉलिश करताना हा एक बारीकशी उतरण देतो, ती त्याची स्वतःची खोड. ती त्याने त्या तोंडात बघितली. म्हणजे दात याचे. एवढ्या मोठ्या शहरात पहिल्यांदा ओळखीचं काहीतरी भेटलं.

"मग बोललास का?"

"काय बोलू? तुमच्या तोंडात माझं काम आहे, असं?"

तो त्यांच्या मागोमाग चुकीच्या बसमध्ये चढला. तीन थांबे समोरच्या बाकावर बसून राहिला, पुन्हा हसतील म्हणून. ते हसले नाहीत. मग उतरून चालत परत आला. मी त्याला वेडा म्हणालो.

रविवारी दुपारी आईचा फोन. आई त्याच्या थोरल्या भावाकडे, दादाकडे राहायला गेली होती. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून तो स्वयंपाकघरात बसायचा आणि पलीकडून आईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मुलींना शिवण शिकवण्यात तिची तीस वर्षं गेलेली. एकाच वेळी वीस जणींना ऐकू जाईल असं बोलण्याची तिला सवय. शेजारीण, दादाची मुलं, वहिनीचा नवा पंखा, सगळ्यांचा समाचार घ्यायची. मी बाजूने गेलो तर मलाही ओढायची. "काय रे, माझ्या मुलाला जेवायला घालतोस ना? की इस्त्री करून ठेवतोस?" तिच्या पुढच्या दातांतला एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. खरा दात तसा होता म्हणून याने कवळीतही तसाच लावला होता. ती हसली की तो दात आधी दिसायचा.

तो बोलायचा कमी. बघत बसायचा. एकदा मला म्हणाला, "ती बोलते तेव्हा मी काम बघत असतो. कवळी अजून चांगली चाललीय." मी म्हटलं, अरे, आई काय बोलते ते तरी ऐकत जा. तर म्हणाला, "तेही ऐकतो." आता मला कळतं, की तिथलं तेवढं एकच काम त्याच्याकडे उरलं होतं. तिची औषधं दादा आणायचा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे दादा न्यायचा. दात मात्र याचे.

त्याला येऊन अडीच वर्षं झाली आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनआधी कवळी काढायला सांगतात. तिने काढली, कागदी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवली, आणि सफाईवालीने कचरा समजून तो रुमाल उचलला. सगळीकडे शोधाशोध झाली. गेली ती गेलीच.

दादाचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो. दादा म्हणत होता, इथल्या दवाखान्यात माप देऊन टाकतो, पंधरा दिवसांत नवी होईल. हा एवढा शांत माणूस, पण त्याचा आवाज चढला. "कुणाला हात लावू देऊ नकोस. माझ्याकडे साचा आहे." म्हणजे तो रुमालात गुंडाळून आणलेला प्लास्टरचा जबडा.

इथे मला थोडं धंद्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावर अडलेलं आहे. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. मेणबत्ती वितळते तसं, हळूहळू, पण थांबत नाही. म्हणून जुन्या साच्यावर नवी कवळी करायची नसते. हे मला कोणी सांगितलं? त्यानेच. एकदा कुण्या डॉक्टरने तीन वर्षांपूर्वीचा साचा पाठवला होता, तर याने मोडक्यातोडक्या भाषेत चिठ्ठी लिहून तो परत केला होता आणि मालकीणबाईंनी त्याची पाठ थोपटली होती. परक्या माणसाच्या बाबतीत जी चूक त्याने आयुष्यात केली नसती, ती त्याने आईच्या बाबतीत केली. मी विचारलंसुद्धा, "अरे, साचा जुना नाही का?" तो म्हणाला, "माझ्या आईचं तोंड मला माहीत नाही?"

त्याला परत जाऊन नवं माप घेता येत नव्हतं. परवाना पक्का व्हायला पाच वर्षं सलग भरायला लागतात. मध्ये देश सोडला की मोजणी पहिल्यापासून. आणि आई इकडे येईल म्हटलं तर तिला जिना चढवत नव्हता, विमान कुठलं.

तीन आठवडे तो मालकीणबाईंच्या परवानगीने काम सुटल्यावर तासभर मागे थांबत होता. त्या दिवसांत तो शीळ घालत घरी यायचा. मी त्याला एवढा आनंदात कधी पाहिला नव्हता. कवळी झाली तेव्हा त्याने ती मला स्वयंपाकघराच्या टेबलावर दाखवली. चढलेला दात जागच्या जागी होता. खरं सांगतो, तिच्याकडे बघून वाटलं की आता बोलायला लागेल आणि मला जेवायला घातलं का विचारेल.

मी त्याच महिन्यात रजेवर गावी निघालो होतो. कवळी माझ्याकडे दिली. माझ्या गावापासून त्याच्या दादाचं घर बसने दोन तास. मी गेलो. आई दारातच उभी होती, तोंडावर रुमाल धरून. दोन महिने ती दातांशिवाय होती आणि या दोन महिन्यांत फोनवर ती फारशी बोललीच नव्हती. हूं, हूं म्हणायची आणि दादाकडे फोन द्यायची. मी डबी दिली. ती आत आरशासमोर गेली. बराच वेळ गेला. बाहेर आली ती हसत, पण ओठ मिटून.

"अगदी बसली," ती म्हणाली. "सांग त्याला."

तिने मला चहा दिला, सफरचंद कापून दिलं. एक फोड तिने स्वतःच्या हातात घेतली. मी माझ्या फोडी संपवल्या, ती बोलत होती, आणि फोड हातातच होती, काळी पडायला लागली होती. मी निघालो. बूट घालताना मागे वळलो तर ती पाठमोरी होऊन कवळी रुमालात काढून घेत होती.

"हलते जरा," ती म्हणाली. "टोचतेही. होईल सवय. त्याला सांगू नकोस."

"काकू, तो विचारणार. तो पहिलं हेच विचारणार."

"मग सांग, सफरचंद खाल्लं म्हणून."

मी परत आलो तर हा विमानतळावर मला घ्यायला आलेला. बॅग उचलायच्या आत त्याने विचारलं. आणि मी सांगितलं, सफरचंद खाल्लं. तेवढ्यावर थांबलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पण त्याचा चेहरा असा काही उजळला की मला राहवलं नाही. मी म्हटलं, कचाकचा खाल्लं, सालासकट. दुसरंही मागितलं. म्हातारीने सांगायला लावलेलं खोटं अर्ध्या ओळीचं होतं, बाकीचं सगळं माझं.

पुढे आठ महिने रविवारचे फोन पुन्हा सुरळीत झाले. आई दिसायची, हसायची. बोलायची मात्र थोडं. तो साठ ते सत्तर मोजायला लावायचा, ती मोजायची, आणि तो समाधानाने मान हलवायचा. मी तेव्हा मुद्दाम बाहेर जायचो. कधी दूध आणायला, कधी नुसताच. तिच्या गालाचं हाड वर आलेलं मला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार. तो म्हणायचा, वय झालं.

मग एका शनिवारी सकाळी कुरिअर आलं. दादाने पाठवलेलं. कवळी धुताना बेसिनमध्ये पडली, वरच्या भागाला तडा गेला, आई नको नको म्हणत होती पण मी तिला न सांगता पाठवतोय, नीट करून दे, असं चिठ्ठीत होतं. बिचारा दादा. दिवसभर कामावर असणारा माणूस, आई कशी जेवते हे त्याला कुठून दिसणार? त्याला वाटलं, भावाचं काम भावाकडेच जावं.

याने टेबलावर स्वच्छ फडका अंथरला, दिवा जवळ ओढला आणि डोळ्याला भिंग लावलं. मी कांदा चिरत होतो. तो तडा बघत होता, तोपर्यंत ठीक होतं. मग त्याने कवळी उलटी केली आणि दाढा बघायला लागला. बघता बघता त्याचे हात थांबले.

नव्या कवळीच्या दाढांवर बारीक धारदार उंचवटे असतात. जेवून जेवून ते बोथट होतात, त्यांची चकाकी जाते. चहा पिणाऱ्याच्या कवळीत दातांच्या फटींत तपकिरी रेघ धरते. ही बाई दिवसाला पाच वेळा चहा पिणारी. आठ महिन्यांनी परत आलेली कवळी त्याने पाठवली होती तशीच होती, नवी कोरी. आतल्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात काहीतरी चिकटलं होतं. त्याने चिमट्याने ते सोडवलं आणि फडक्यावर ठेवलं. कापसाचा धागा. हलू नये म्हणून ती आत कापूस भरून फोनवर बसत होती.

त्याने भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सफरचंद कुठल्या बाजूने चावलं होतं?" त्याने विचारलं.

मी चाकू खाली ठेवला. मला खोटं सुचलं नाही, आणि खरं सांगायला तोंड नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं नाही. मला लाज वाटली की राग येतो, आणि तो राग त्या वेळी त्याच्यावरच काढावासा वाटला, की एवढा मोठा कारागीर आणि स्वतःच्या आईचं तोंड आठ महिने पडद्यावर बघून तुला कळलं नाही? पण हे बोललो नाही, एवढं एक बरं केलं.

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. रविवार नव्हता. आई फोनवर आली ती रुमाल तोंडावर धरूनच.

"आज कसा फोन केलास?"

"आई, रुमाल काढ."

"का रे?"

"कवळी माझ्यासमोर आहे. काढ."

मग तिने रुमाल मांडीवर ठेवला. मी कडेला उभा होतो, तिथून मला पडदा दिसत होता. तोंड आत ओढलं गेलेलं, हनुवटी नाकाजवळ आलेली. तीच बाई, पण वीस वर्षांनी म्हातारी. तो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत होता.

"किती हाड गेलंय," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं होतं, तू तशीच असशील."

"तशीच आहे मी."

"जेवतेस काय?"

"सगळं जेवते. भिजवून जेवते. लोकांना एवढंसुद्धा मिळत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू केलेलं मला होत नाही, असं?" तिचे शब्द हवेत विरत होते, नीट कान द्यावा लागत होता. "तिकडे तुझं कोण आहे? ना घर, ना माणूस. दोन हात आहेत. त्या हातांवरचाच तुझा विश्वास उडाला असता तर सकाळी उठून तू काय केलं असतंस?"

मी स्वयंपाकघरातून माझ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. तो रडला की नाही ते मला माहीत नाही. मी रडलो.

सोमवारी त्याने मालकीणबाईंना रजा मागितली. त्यांनी दिली, पण समोर बसवून समजावलंही, की गेलास तर ही साडेतीन वर्षं पुसली जातील आणि तुझी जागा मी किती दिवस धरून ठेवू शकेन ते सांगता येत नाही. आईला त्याने हे सांगितलं तर ती म्हणाली, आलास तर दार उघडणार नाही. ती हे हसत म्हणाली, पण तिला ओळखणारा कोणीही सांगेल की उघडलं नसतं. तीन दिवस तो कामावरून येऊन कोट न काढता खुर्चीत बसून राहायचा. मी पुढ्यात ताट ठेवायचो, तो जेवायचा, ताट धुवायचा, पुन्हा बसायचा.

गावी त्याच्याच गल्लीत दुसरा एक कारागीर होता. त्याच्या कामाला हा कायम नाकं मुरडायचा. खडूचे तुकडे ओळीने लावल्यासारखे दात लावतो, म्हणायचा. चौथ्या दिवशी याने त्या माणसाला पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. कोणता दात किती वळवायचा, कुठला कुणावर चढवायचा, रंग कोणता, हसताना किती दिसायला हवेत, चित्रं काढून. मग ती चारी पानं त्याने फाडली आणि फोनवरून तीन ओळी पाठवल्या. माप नवं घ्या. हाड बरंच गेलं आहे. दात कसे लावायचे ते तुम्ही तोंड बघून ठरवा.

त्यानंतर महिन्याभराने जो रविवार आला, त्या दिवशी फोन आईनेच केला. पडद्यावर ती दिसली आणि मी दचकलो. दात पांढरेशुभ्र, एका रेषेत, एकसारखे. चढलेला दात नव्हता. हसली तेव्हा क्षणभर वाटलं, दादाकडे कुणी पाहुण्या बाई आल्या आहेत. तिच्या हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी होती. ती बोलत होती आणि मूठ मूठ तोंडात टाकत होती. आठ महिन्यांचं सगळं साठलेलं बाहेर पडत होतं. दवाखान्यात सहा वेळा जावं लागलं, तो कारागीर बडबड्या आहे, त्याने तिला इतकं हसवलं की मेणाचे दात बाहेर पडले, वहिनीने पंखा बदलला, शेजारणीचं काय झालं. हा नेहमीसारखा बघत होता.

"उजवीकडून चाव," तो म्हणाला. तिने चावलं. "आता डावीकडून." तिने चावलं. तो कान देऊन ऐकत होता, कवळी वाजते का ते. वाजत नव्हती.

"चांगली बसलीय," तो म्हणाला. "चांगलं काम केलंय त्याने."

"तुझ्यासारखं नाही," आई म्हणाली.

"नाही. चांगलं केलंय."

मग तिने मागे वळून कुणाला तरी आले आले म्हटलं, आणि त्याला म्हणाली, "चल, ठेवते. वहिनीबरोबर बाजारात जायचंय." इतक्या वर्षांत तिने आपणहून फोन ठेवल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं. तो पुढे किती तरी वेळ साखरेच्या डब्यासमोर बसून होता. मी विचारलं, चहा टाकू? तो हो म्हणाला, आणि प्यायला विसरला.

पुढच्या महिन्यात परवाना वाढवून घेण्याचा फॉर्म आला. दरवर्षी येतो, नऊ पानांचा. मागच्या तिन्ही वर्षी मीच त्याच्या शेजारी बसून भरून घेतला होता. या वर्षी त्याला माझी गरज पडली नाही. आता तो इकडची भाषा मान खाली घालून, न अडखळता वाचतो. मालकीणबाईंनी त्याला वरच्या हुद्द्याचं पत्र दिलं होतं, तेही त्याने जोडलं. मी नुसता समोर बसून बघत होतो. चौथ्या पानावर एक रकाना असतो, तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती किती. तिन्ही वर्षी त्याने तिथे एक लिहिलं होतं, हे मला पक्कं आठवतं. या वेळी त्याने शून्य काढलं.

"हे काय?" मी म्हणालो. "एक लिही."

"कोण?"

"कोण काय? आई."

"ती दादाकडे आहे. जेवते. बोलते. बाजारात जाते." त्याने पेन टेबलावर आडवं ठेवलं. "माझ्यावर काय अवलंबून आहे, सांग."

मला एकदम संताप आला. कुणावर आला ते सांगता येणार नाही. "तरी लिही," मी म्हणालो. "कागद आहे तो. कोण बघायला येतंय?"

"खोटं लिहू?" त्याने विचारलं.

टोमणा नव्हता. तो टोमणे मारत नाही. माझ्यापेक्षा मला यातलं जास्त कळतं असं समजून तो खरोखरच विचारत होता, आणि उत्तराची वाट बघत थांबला होता. मी खाली बघितलं. त्याने पान उलटलं, शेवटी सही केली, पाकीट चिकटवलं आणि बूट घालून खाली गेला. खिडकीतून मला कोपऱ्यावरची टपालपेटी दिसते. त्याने पाकीट टाकलं. टाकून झाल्यावरही तो तिथेच उभा होता, कुठे जायचं ते आठवत नसल्यासारखा.